गोटहार्डच्या रांगेत नागालँडच्या गाड्या

"एवढ्या चंदीगडच्या गाड्या इथं कशा गं?"

आण्णा, म्हणजे माझे वडील, इकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझलला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा हा प्रश्न. चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे होते आणि खालच्या पार्किंगकडे बघत होते. मी ओट्यापाशी होते, आधी कळेचना. मग बाहेर येऊन वाकून बघितलं. पाच-सहा गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या चारांच्या मागे पांढरा लंबगोल स्टिकर होता. आत काळी ठसठशीत दोन अक्षरं, सी आणि एच.

बारा वर्षं मी या गावात राहते. आमच्या स्वतःच्या गाडीला तो स्टिकर आहे. पण सीएच म्हणजे चंदीगड हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

आण्णांच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. मिरजेत कुपवाड रोडला त्यांचं पत्र्याचं खोकं होतं, त्यावर 'नंबरप्लेट, रेडियम, बोर्ड' असं त्यांनीच रंगवलेलं. एमआयडीसीत येणारे ट्रक तिथं थांबायचे. कुणाच्या पाटीचा रंग उडालेला असायचा, कुणाची पाटीच कुठल्यातरी घाटात पडलेली असायची. आधी ब्रश आणि एनॅमल, पुढं रेडियमची कात्रणं. चाळीस वर्षांत त्या माणसानं किती राज्यांची अक्षरं रंगवली असतील याचा हिशोब नाही. वाहनाच्या पाठीमागं दोन इंग्रजी मोठी अक्षरं दिसली की त्यांच्या मनात नकाशातलं एक राज्य उजळतं. ते थांबवता येत नाही, आपल्याला मराठी पाटी न वाचता पुढं जाता येत नाही तसंच.

मी त्यांना सांगितलं की हे राज्याचं नाही, देशाचं अक्षर आहे. गाडी परदेशात गेली की कुठल्या देशाची ते कळावं म्हणून. स्विस नंबरप्लेटवर देशाचं अक्षर नसतं, फक्त कँटनचं, म्हणजे इथल्या राज्याचं असतं, आमचं बीएस. आणि बाझलला फ्रान्स आणि जर्मनी दोन्ही खेटून आहेत, आमची आठ नंबरची ट्राम चक्क जर्मनीत जाऊन थांबते. शनिवारी निम्मं गाव स्वस्त किराण्याला पलीकडे जातं. म्हणून प्रत्येकाच्या गाडीला तो स्टिकर.

"बरं. मग स्वित्झर्लंडचं एसडब्ल्यू नको का? सीएच कुठनं आलं?"

याचं उत्तर मला येत होतं, म्हणून मी जरा ऐटीत दिलं. या देशात चार भाषा. जर्मनवाले श्वाइत्स म्हणतात, फ्रेंचवाले सुईस, इटालियनवाले स्वित्सेरा आणि डोंगरातले रोमान्श बोलणारे स्वित्स्रा. कुणाचं नाव धरायचं? म्हणून कुणाचीच नसलेली लॅटिन भाषा घेतली. कोन्फेडेरात्सिओ हेल्व्हेतिका, त्याचं सीएच.

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण चारही एसनंच सुरू होतात की."

खरंच होतात. मी इतकी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत आले, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नुसतं एस घेतलं असतं तर चारही भाषांचं भागलं असतं. पण एस स्वीडनकडे आहे.

त्या रात्री मी याच्या मागे लागले. या सगळ्याचं मूळ पॅरिसमध्ये ११ ऑक्टोबर १९०९ ला झालेल्या करारात आहे. मोटारी तेव्हा नव्या होत्या, श्रीमंत लोक त्या घेऊन हद्दी ओलांडायला लागले होते, म्हणून युरोपातल्या देशांनी बसून नियम केले. नंबराच्या पाटीखेरीज मागे एक लंबगोल पाटी हवी, तीस सेंटिमीटर रुंद आणि अठरा उंच, पांढऱ्यावर काळी अक्षरं, अक्षराची उंची कमीत कमी दहा सेंटिमीटर. सोबत देशांची यादी. जर्मनीला डी, फ्रान्सला एफ, इटलीला आय, ऑस्ट्रियाला ए, बेल्जियमला बी, हंगेरीला एच, स्पेनला ई (ते स्वतःला एस्पान्या म्हणतात), स्वीडनला एस, पोर्तुगालला पी. रशियाचं तेव्हा नुसतं आर होतं.

दुसऱ्या दिवशी ही यादी आण्णांना वाचून दाखवली तर ते हसायला लागले. "म्हणजे एसटीत रुमाल टाकल्यासारखं झालं. जे पहिले खिडकीतनं घुसले त्यांना एकेक अक्षराची ऐसपैस सीट, आणि मागनं येणारे तिघं तिघं."

आपण तिघं तिघं वालेच. आय-एन-डी, १९४७ पासून. त्याआधी ब्रिटिश इंडियाचं बीआय होतं.

आता इथं मला आण्णांची एक गंमत सांगायलाच हवी. हे आयएनडी त्यांनी स्वतः शेकड्यांनी विकलंय. आठवत असेल, एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी पाट्या येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ती फॅशन आली होती. नंबरप्लेटच्या डाव्या कडेला निळं आयएनडी आणि वर चकाकणारं अशोकचक्र, नकली. गावातला प्रत्येक बुलेटवाला मागायचा. खोक्यात त्याची रिळं टांगलेली असायची. मी शाळेतून येताना ती सोलून वहीवर चिकटवायची आणि आईचा मार खायची. पण ते कशासाठी असतं, हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं आणि विकणाऱ्यालाही नव्हतं.

"मला वाटायचं, ते देशप्रेमाचं असतंय," आण्णा म्हणाले. "जी गाडी चिकोडीच्या पुढं कधी जायची नाही, तिला मी परदेशात जायचं अक्षर लावून दिलंय. वीस रुपयात."

आता ते खरोखरच पाटीत ठोकलेलं येतं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी सक्तीची झाली, क्रोमियमचं होलोग्राम, खाली निळं आयएनडी, लेसरनं कोरलेला क्रमांक. त्यात पेंटरला काही काम नाही. आण्णांनी खोकं त्याच्या पुढच्याच वर्षी बंद केलं. करोनामुळं केलं असं ते सांगतात. मी त्यावर वाद घालत नाही.

तर गोटहार्ड.

२०२३ चा जुलै होता. त्यांना सरोवर दाखवायला आम्ही लोकार्नोला निघालो, नवरा, मी, आमचा नऊ वर्षांचा मुलगा आणि पुढच्या सीटवर आण्णा. ज्याला इथली सवय आहे तो जुलैच्या शनिवारी सकाळी त्या रस्त्याला जात नाही. आम्हाला सवय आहे आणि तरी गेलो, कारण सोमवारी नवऱ्याला कामावर जायचं होतं. गोटहार्डचा बोगदा जवळजवळ सतरा किलोमीटरचा आहे, १९८० साली सुरू झालेला. एकच नळी आणि जाणारे-येणारे दोघंही तिच्यातूनच. दुसरी खोदण्याचं काम चालू आहे. उत्तर युरोपातलं जे कुणी इटलीच्या समुद्राकडे निघतं, त्यातलं बरंच त्या एका तोंडासमोर येऊन उभं राहतं. ग्योशेननच्या अलीकडे आम्ही थांबलो ते थांबलोच.

पहिली दहा मिनिटं डोंगर बघण्यात गेली. मग आण्णांचं लक्ष समोरच्या गाड्यांकडे गेलं. मग ते मागे वळून मुलाला म्हणाले, "वही हाय का रे?"

"पुढं नागालँड. डावीकडं नागालँड. ती घरासारखी गाडी ओढत चाललाय तो पण नागालँड. च्यायला, इथंही नागालँडचंच पासिंग!"

ज्यांनी कधी रात्री पुण्याहून बंगलोरला जाणारी स्लीपर ट्रॅव्हल्स पकडलीय, त्यांना हा विनोद समजावायला नको. एनएल शून्य एक. मालक आपल्याकडचा, ड्रायव्हर आपल्याकडचा, गाडीनं जन्मात कोहिमा बघितलेलं नसतं, पण कर आणि परमिटच्या हिशोबात पासिंग तिकडचं. आण्णांनी अशा पाट्या इतक्या रंगवल्यात की एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, नागालँडमध्ये लोक कमी आणि बसगाड्या जास्त आहेत का.

इथलं एनएल म्हणजे नेदरलँड्स, हे मी सांगितलं. पण त्यावर आण्णांची आणखी एक अडचण. डच पाट्या पिवळ्या असतात, पिवळ्यावर काळी अक्षरं. "ही भाड्याची गाडी हाय. पिवळी पाटी." नाही हो आण्णा, घरच्याच आहेत, तिकडं बहुतेक सगळ्यांच्याच पिवळ्या. ते मान हलवत राहिले. त्यांना ते पटलं नाही. मागे एक इंग्रजांची गाडी दिसली, ती तर पुढून पांढरी आणि मागून पिवळी. "हा येताना खाजगी आणि जाताना टॅक्सी," असा निकाल त्यांनी दिला.

मग खेळच सुरू झाला. आण्णा अक्षरं वाचून राज्य सांगायचे, मुलगा देश सांगायचा. एचआर: हरियाणा, क्रोएशिया, कारण ते स्वतःला ह्रवात्स्का म्हणतात. एसके: सिक्कीम, स्लोव्हाकिया. टीआर: त्रिपुरा, तुर्कस्तान. "त्रिपुराची गाडी मी मिरजेत आयुष्यात एकदा बघितली," आण्णा म्हणाले, "आणि इथं अर्ध्या तासात दोन." युके दिसलं तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. उत्तराखंड! आणि त्यांना तर हेही पाठ होतं की त्या राज्याचं नाव उत्तरांचल होतं तेव्हा पाटीवर युए असायचं, नाव बदललं तसं युके झालं. मुलगा म्हणाला, युए म्हणजे युक्रेन. तसलीही एक गाडी होती रांगेत, छपरावर सायकली आणि मागच्या काचेत गाद्या. त्या उन्हाळ्यात तशा गाड्या खूप दिसायच्या. त्या गाडीवर आम्ही कुणी काही बोललो नाही.

युकेचं तर वेगळंच रामायण. ब्रिटनचं अक्षर शंभर वर्षांहून जास्त काळ जीबी होतं. ते २८ सप्टेंबर २०२१ पासून बदलून युके केलं. कारण ग्रेट ब्रिटन म्हटलं की उत्तर आयर्लंड बाहेर राहतं. युरोपीय संघातून ते आधीच निघाले होते, त्यामुळं संघाचे तारे असलेली त्यांची जुनी निळी पट्टी चालेनाशी झाली होती. लोकांनी जाऊन जीबीचे स्टिकर घेतले. आणि मग सांगितलं, ते काढा, युके लावा. लेस्टरहून आमची मावसबहीण गाडीनं आली होती तेव्हा तिच्या डिकीवर जीबीचा डिंक शिल्लक होता आणि त्याच्या शेजारी नवा युके. तो थोडा तिरका लागला होता. आण्णांना दाखवायला हवा होता.

खरं तर संघाच्या आतल्या देशांत हा लंबगोल आता उरलाच नाही. १९९८ साली नियम झाला की नंबरप्लेटच्या डाव्या कडेला निळी पट्टी, त्यात बारा तारे आणि खाली देशाचं अक्षर असेल, तर संघाच्या इतर देशांत वेगळा स्टिकर नको. तेव्हापासून लंबगोल राहिला तो आमच्यासारख्या बाहेरच्यांकडे, आणि हौशी लोकांकडे. मला विचाराल तर ती निळी पट्टी म्हणजे काहीच नाही. वीस फुटांवरून वाचता येत नाही. त्या पांढऱ्या लंबगोलाचा रुबाब वेगळा होता.

हे मत आण्णांचंही. त्यांनी घरी आल्यावर आमच्या गाडीचा स्टिकर टेपनं मोजला. नंतरच्या करारांत माप लहान झालंय. एक-दोन अक्षरं असतील तर लंबगोल निदान १७५ बाय ११५ मिलिमीटर, तीन असतील तर २४० बाय १४५, अक्षर ऐंशी मिलिमीटर उंच आणि रेघ दहा मिलिमीटर जाड. आमचा बरोबर भरला. "पण सी आणि एचमधली फट जास्त पडलीय. सी गोल असतंय, त्याला आत घ्यावं लागतंय. मशीनला काय कळणार." लंबगोलच का, हेही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं: "नंबर चौकोनात असतोय. हे वेगळंय हे लांबनंच कळाय पाहिजे."

पाटीवरची अक्षरं किती गंभीर होऊ शकतात हे मला शेजारणीनं सांगितलं. ती कोसोवोची. तिचा भाऊ गाडीनं सर्बियातून यायचा तेव्हा हद्दीवर त्याच्या नंबरप्लेटवरचं आरकेएस पांढऱ्या स्टिकरनं झाकायला लावत, आणि सर्बियाच्या गाड्या कोसोवोत गेल्या की त्यांची खूण झाकली जाई. २०२१ च्या शरदात दोघांचं असं ठरलं होतं. वर्षानुवर्षं ग्रीसच्या हद्दीवर मॅसिडोनियाच्या एमकेवर असंच काहीतरी चिकटवत, कारण मॅसिडोनिया हे नाव ग्रीसला मान्य नव्हतं. शेवटी २०१९ मध्ये देशाचं नाव उत्तर मॅसिडोनिया झालं आणि अक्षरं एनएमके.

मी हे भाषांतर करून सांगत होते आणि आण्णा शांतपणे ऐकत होते. मला वाटलं ते म्हणतील, रेडियमवाल्याचा धंदा झाला. ते म्हणाले, "बेळगावासारखं."

मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हद्द अर्ध्या तासावर. सीमावाद तापला की केए आणि एमएच ही अक्षरं एकदम मोठी होतात. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकवर दगड पडले, इकडं कर्नाटकच्या बसगाड्यांवर काळं फासलं गेलं. आण्णांची सख्खी बहीण अथणीला दिलेली. तिचा मुलगा केएच्या गाडीतून मामाकडं येतो, आम्ही एमएचच्या गाडीतून तिकडं जातो, आणि अशा आठवड्यात दोघंही एसटी स्टँडवर फोन करून विचारतो, गाड्या सुरू आहेत का.

"मग आपलं भा का नाही?" हे त्यांनी परत जायच्या आदल्या दिवशी विचारलं. सामान भरता भरता. स्पेननं आपल्या भाषेतलं अक्षर लावलंय, क्रोएशियानं लावलंय, आपण का इंडिया?

लॅटिन लिपीतलीच अक्षरं चालतात, म्हटलं. एक ते तीन, मोठी.

"मग बीएचए."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण सगळेच आपापल्या भाषेतलं लावतात असंही नाही, हे मी दाखवलं. हंगेरीचे लोक स्वतःला मॉज्यॉर म्हणतात आणि अक्षर एच. फिनलंडनं १९९३ पर्यंत एसएफ लावलं, सुओमी आणि फिनलंड दोन्ही, मग फिन करून मोकळे झाले. श्रीलंकेचं अजून सीएल आहे, सिलोनचं. केनियाचं ईएके, म्हणजे पूर्व आफ्रिका केनिया. इंग्रज गेले, अक्षरं राहिली. दक्षिण आफ्रिकेचं झेडए तर डच नावावरून. आण्णांना सीएल फार आवडलं. रेडिओ सिलोन ऐकत त्यांनी पाट्या रंगवलेल्या आहेत.

आणि नेपाळ. तिथली अक्षरं एनईपी, पण तिथल्या नंबरप्लेट वर्षानुवर्षं देवनागरीत होत्या. आण्णा आणि आई नव्वदच्या दशकात पशुपतिनाथाला गेले होते. आईला देऊळ आठवतं, आण्णांना 'बा १ च' आठवतं. बा म्हणजे बागमती, च म्हणजे खाजगी चारचाकी. "काय सुंदर च होता! पोट कसं भरलेलं." परत आल्यावर त्यांनी हौसेनं दोन-तीन गिऱ्हाइकांना मराठी आकड्यात पाट्या करून दिल्या होत्या. पोलिसांनी दंड केला आणि गिऱ्हाईक खोक्यावर येऊन भांडलं. तेव्हापासून त्यांनी फक्त ४१४१ ला दादासारखी वळणं दिली, तेवढं मात्र सोडलं नाही.

स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांनी जाताना एक सीएचचा स्टिकर विकत घेतला. इतक्या पैशात मी पन्नास केले असते, असं काउंटरवरच मराठीत सांगून घेतला. मला वाटलं आठवण म्हणून कपाटात ठेवतील.

मार्च २०२४ मध्ये त्यांचा फोन आला, तेलंगणाचं टीएस जाऊन टीजी झालं, तुझ्या तिकडं हाय का टीजी? आहे म्हटलं, थुरगाउ कँटन. ते खूश झाले. मग म्हणाले, अगं, तो स्टिकर मी स्कूटरच्या मडगार्डला लावलाय.

"आण्णा! कुणी काही म्हणत नाही?"

"परवा चौकात हवालदारानं थांबवलं की. म्हणतोय, काका, पाटी एमएच दहाची आणि खाली हे सीएच काय? चंदीगडची गाडी हाय काय? एनओसी दाखवा."

"मग?"

"म्हटलं, गाडी इथलीच हाय. लेक असती तिकडं."